आर्राऊ कासवाची घरटी: हलवण्यापेक्षा राखण बरी

ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सीमेवरून वाहणाऱ्या ग्वापोरे नदीचं पाणी ओसरलं की पात्रातले वाळूचे पट्टे उघडे पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांवर आर्राऊ कासवाच्या हजारो माद्या अंडी घालायला चढतात. उत्तरेकडच्या व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीवर कोरडा मोसम वेगळा, म्हणून तिथे हाच हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. पोडोक्नेमिस एक्सपान्सा हे या कासवाचं शास्त्रीय नाव. दक्षिण अमेरिकेतलं हे सर्वांत मोठं नदीकासव. अंड्यावर आलेल्या मादीची पाठ सहज ६५-७० सेंटीमीटर भरते आणि वजन २५-३० किलो. नर तिच्यापुढे बराच लहान दिसतो. पूर आला की ही कासवं पाण्याखाली गेलेल्या जंगलात शिरतात आणि झाडांवरून गळलेली फळं, बिया, पानं खाऊन अंगावर चरबी धरतात.

आपल्याकडच्या कासवांसारखी ती मान सरळ आत ओढत नाहीत, कवचाच्या कडेखाली आडवी दुमडतात. भारतात आज या गटातलं एकही कासव नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनोसॉरच्या काळातल्या खडकांत मान आडवी दुमडणाऱ्या कासवाचे जीवाश्म सापडले आहेत.

मादी मागच्या पायांनी ६० ते ८० सेंटीमीटर खोल खड्डा उकरते आणि त्यात शंभरेक अंडी घालते. पिल्लं बाहेर पडायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. नर होणार की मादी, हे त्या काळातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. साडेबत्तीस अंश सेल्सियसच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याखाली बहुतेक नर आणि त्यावर बहुतेक माद्या. घरट्याची खोली थोडी कमी झाली किंवा दुपारी त्यावर सावली आली, तरी हा हिशेब बदलतो. फारच तापलं तर भ्रूण मरतात.

दुसरं संकट पाण्याचं. नदीला खरा पूर येण्याआधीच कधीकधी पाणी एकदम हातभर चढतं. अॅमेझॉनकाठी याला ‘रेपिकेते’ म्हणतात. पट्ट्याच्या सखल भागातली घरटी त्यात बुडतात आणि हवा न मिळाल्याने अंडी वाया जातात. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी कधी आणि किती चढेल याचा पूर्वीचा क्रमच बिघडतो. ब्राझीलमधल्या शिंगू नदीवरच्या बेलो मोंते धरणाच्या खाली या कासवांचं मोठं विणीचं ठिकाण आहे, त्यामुळे तिथली काळजी खरी आहे.

माणसाने केलेली लूट मात्र या सगळ्यापेक्षा मोठी. १८०० साली जर्मन निसर्गसंशोधक हुम्बोल्टने ओरिनोकोवर दरवर्षी ३ कोटी ३० लाख अंडी तेलासाठी फोडली जातात असा अंदाज बांधला. पुढे इंग्रज निसर्गसंशोधक हेन्री बेट्सने वरच्या अॅमेझॉनसाठी ४ कोटी ८० लाखांचा आकडा दिला. हे तेल दिव्यात आणि स्वयंपाकात जाई. ब्राझीलमध्ये सरकारी संरक्षण प्रकल्प १९७९ साली सुरू झाला. साधी राखण किती कामाची असते हे ब्राझीलमधल्या जुरुआ नदीवर दिसलं. गावकऱ्यांनी राखलेल्या पट्ट्यांवर लोकांनी लुटलेली घरटी सुमारे २ टक्के होती, तर राखण नसलेल्या पट्ट्यांवर ९९ टक्के. शिवाय त्याच वाळूवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचीही संख्या वाढली. दोन माणसं, एक होडी आणि वाळूवरची झोपडी, एवढ्यावर हे काम चालतं.

अंडी हलवायची ती फक्त घरटं बुडणार हे नक्की असेल तेव्हाच. काम अंडी घातल्यापासून काही तासांतच उरकायचं. त्यानंतर भ्रूण कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि अंडं उलटलं तर मरतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करायची, उचलताना ते फिरवायचं नाही, आणि खोक्यात घरट्यातलीच ओलसर वाळू घालून थरावर थर ठेवायचे. वाहतूक ऊन चढण्याआधी करायची. नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल हवा, तोंडाला अरुंद आणि तळाशी फुगीर, सुरईसारखा. जागा उंचावर, उघड्या उन्हात, झाडांच्या मुळांपासून आणि मुंग्यांपासून लांब. पिवळ्या ठिपक्यांच्या लहान नदीकासवाचं, म्हणजे पोडोक्नेमिस युनिफिलिसचं, घरटं जेमतेम १५-२० सेंटीमीटर खोल असतं. आर्राऊची अंडी त्या मापाच्या खड्ड्यात ठेवली तर ती भाजून निघतील.

पिल्लं टाकीत वाढवून मग सोडायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सरसकट वापरू नये असं आमचं मत आहे. कामिला फेर्रारा आणि रिचर्ड फोग्ट या कासव-संशोधकांनी पाण्याखालचे मायक्रोफोन वापरून दाखवलं की पिल्लं अंड्यात असतानाच आवाज काढायला लागतात. माद्या पट्ट्यासमोरच्या पाण्यात थांबून राहतात आणि मग पिल्लांबरोबर बुडालेल्या जंगलाकडे जातात. महिनोन्‌महिने टाकीत ठेवलेल्या पिल्लांची ही सोबत चुकते. आणि पिल्लं कितीही सोडली तरी मोठ्या माद्या जाळ्यात सापडत राहिल्या तर उपयोग नाही, कारण वयात यायला या कासवाला अनेक वर्षं लागतात.

माद्यांची नेमकी मोजदाद हेही अवघड काम. ग्वापोरेवर संशोधकांनी १,१८७ माद्यांच्या पाठीवर पांढरा रंग लावला आणि १२ दिवस, दिवसातून चार वेळा ड्रोन उडवला. फोटो जोडून केलेल्या नकाशात चालणारी मादी दोनदा, कधी सात वेळाही उमटते, आणि पट्टा वापरणाऱ्या बऱ्याच माद्या त्या घडीला पाण्यात असतात. रंगवलेल्या माद्या किती वेळा दिसल्या यावरून दोन्ही चुका दुरुस्त केल्यावर आकडा ४१,००० च्या आसपास आला. जमिनीवरून मोजणाऱ्यांना सुमारे १६,००० दिसल्या होत्या, तर दुरुस्ती न करता नकाशावरून ७९,००० निघाल्या असत्या.