दुष्काळ, प्लेग, बहिष्कार: पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती श्रद्धेची पार्श्वभूमी

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात कुणी अंथरुणाला खिळलं किंवा मयत झाली की मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायातली, चार माणसं संध्याकाळी येतात. एखादं गीत होतं, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतला उतारा वाचला जातो, पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू प्रार्थना करतात, चहा होतो, माणसं उठतात. बाहेरच्याला यात फार काही घडलंसं वाटत नाही. या श्रद्धेनं बळ मिळतं असं ही माणसं म्हणतात तेव्हा त्यामागे बराच खडतर इतिहास असतो.

शहरात चर्च तसं जुनंच. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी जागा दिली, त्यातून क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च उभं राहिलं. लष्कर भागातलं सेंट मेरीज १८२५ चं. मराठीतून प्रार्थना करणारी मंडळी त्यानंतर जमली, आधी स्कॉटिश मिशनभोवती, पुढे गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनभोवती.

या लोकांवरचं पहिलं संकट घरातूनच यायचं. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असं १८५० च्या कायद्यानं ठरवलं. पण पंगत, विहीर आणि सोयरीक कायद्यानं परत मिळत नसते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा झाला, तर रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांच्या मागे ग्रामण्य (जातीतून वाळीत टाकण्याचा वाद) आणि प्रायश्चित्ताचं झेंगट लागलं. मग बाप्तिस्मा घेऊन त्याच पेठांत राहणाऱ्याची काय गत होत असेल?

दुसरं संकट दुष्काळाचं. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगरकडे, विशेषतः महार-मांग वस्त्यांतून, बाप्तिस्मे वाढले आणि ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा कायमचा चिकटला. मदत आणि धर्मांतर यांचा संबंध नव्हता असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण भाकरी मिळू लागल्यावरही अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मंडळीत टिकली, त्याचा उलगडा त्या टोमण्यातून होत नाही.

पंडिता रमाबाईंना दुष्काळ लहानपणापासून ठाऊक होता. आईवडील आणि बहीण त्यात गेली. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला, पती १८८२ मध्ये कॉलऱ्यानं. पदरी तान्ही मनोरमा. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेच्या गोष्टी साधारण इथे संपवल्या जातात. रमाबाईंनी स्वतः मात्र पुढे लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं मनाला शांती नव्हती. ख्रिस्ताचा धर्म हाती आला होता, ख्रिस्त नव्हे. इतका प्रामाणिक कबुलीजबाब आज मंडळीत श्रद्धेचे अनुभव सांगणाऱ्या साक्षींमध्येही क्वचित ऐकू येतो.

ती शांती मिळाल्यावर त्या गप्प बसल्या असंही नाही. विधवा मुलींसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्याला आलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुलीबाळी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडच्या अलीकडे केडगावच्या शेतावर नेलं. मुक्ती मिशनची सुरुवात ती. प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेतल्या बायकांच्या हालांवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सत्ताधारी आपल्याच धर्माचे, याची भीड ठेवली नाही. गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावात २,००० च्या आसपास माणसं होती. शेती, विणकाम, छापखाना आणि प्रार्थना एकाच आवारात चाले.

गाणी आली दुसरीकडून. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही घेतला. संसार मोडता मोडता सावरलेल्या या माणसानं ख्रिस्ताला अभंगांतून आळवलं, कीर्तनं केली. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांपेक्षा दुःखाच्या घरात टिळकांची पदं सहज गळ्यातून निघतात, असं मला वाटतं. तुकोबा ऐकलेल्या कानाला ती आपली वाटतात.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. गावाकडच्या बाईला कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा हट्ट होता. लेकीनंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीच्याच छापखान्यातून पुस्तक बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. आज पुण्यातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बायबल सोसायटीचं भाषांतर वाचतात, रमाबाईंचं फारसं कुणी उघडत नाही. मुक्ती मिशन मात्र केडगावात अजून चालू आहे.