पाकिटावरची तारीख, पाकिटातला जीव

१८४५ साली कोपनहेगनचे बिअर-उत्पादक याकोब क्रिस्टियन याकोबसेन म्युनिकहून घरी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ पत्र्याच्या दोन डब्यांत श्पाटेन ब्रुअरीतले यीस्ट होते. प्रवास घोडागाडीचा आणि लांब पल्ल्याचा होता. यीस्ट तापू नये म्हणून गाडी जिथे जिथे थांबेल तिथे उतरून ते डब्यांवर थंड पाणी ओतत, असे कार्ल्सबर्गच्या इतिहासात सांगितले जाते. दोन वर्षांनी त्यांनी कार्ल्सबर्ग ब्रुअरी काढली, तिची लागर, म्हणजे कमी तापमानात आंबवलेली बिअर, याच यीस्टवर उभी राहिली. घरी बिअर करणाऱ्याला द्रवरूप यीस्ट मागवताना आजही हीच काळजी वाहावी लागते. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) कपाटात आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) फ्रीजरमध्ये महिनोन्महिने निमूटपणे पडून राहतात, यीस्ट मात्र पाकिटात बसल्या जागी आपली शिदोरी खात असते.

बिअरचे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस कुळातली एकपेशीय बुरशी. तिची एक पेशी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहून लहान असते. माल्ट गरम पाण्यात भिजवून जो गोड काढा निघतो त्याला वर्ट म्हणतात. यीस्ट वर्टमधल्या साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, आणि ते करता करता शेकडो सुगंधी द्रव्येही सोडते. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो, त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. तो त्या विशिष्ट वाणाच्या यीस्टचा गुण असतो. म्हणूनच बिअर करणारी मंडळी यीस्टच्या वाणाविषयी इतकी चोखंदळ असतात. सुके यीस्ट स्वस्त असते, टिकाऊ असते आणि अलीकडे त्याचा दर्जाही उत्तम असतो. पण वाळवण्याचा ताण प्रत्येक वाणाला सोसत नाही, त्यामुळे अनेक वाण आजही द्रवरूपातच मिळतात.

एकाच वाणाचे शुद्ध यीस्ट वेगळे काढून वाढवता येते, हे कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. त्याआधी ब्रुअरीतल्या यीस्टमध्ये जंगली वाण शिरत आणि बिअर कडवट, गढूळ होऊन जाई. हान्सेन यांनी विरळ केलेल्या द्रवातून एकच पेशी वेगळी काढली आणि तिच्यापासून संपूर्ण पीक वाढवले. याकोबसेन यांनी हे तंत्र स्वतःपुरते न ठेवता इतर ब्रुअरींना खुले केले, आणि त्यांच्या या औदार्याची थोरवी मला त्यांच्या बिअरपेक्षाही मोठी वाटते. घरगुती उत्पादकापर्यंत शुद्ध यीस्ट पोहोचायला मात्र आणखी शंभर वर्षे गेली. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. त्यानंतर ओरेगनमध्ये १९८६ साली वायीस्ट आणि सॅन डिएगोत १९९५ साली व्हाइट लॅब्स या कंपन्या सुरू झाल्या. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुढची कृती कायद्याने मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. त्यामागचे जीवशास्त्र मात्र सर्वांचेच आहे.

आता शिदोरीविषयी. यीस्टची पेशी उपासमारीच्या काळासाठी दोन प्रकारची साठवण करते. पहिली ग्लायकोजेनची, म्हणजे आपल्या यकृतात असते तशा पिष्टाची, आणि दुसरी ट्रेहॅलोज नावाच्या साखरेची, जी पेशीच्या पडद्याला ताणापासून जपते. कारखान्यातून निघालेल्या ताज्या पेशीची कोठारे भरलेली असतात. फ्रीजमध्ये तिचे चयापचय मंदावते, पण थांबत नाही; ती दररोज थोडे थोडे ग्लायकोजेन खर्च करत राहते. ही शिदोरी वाटेत संपली तर खरी अडचण पुढे उभी राहते. नव्या वर्टमध्ये पडल्यावर पेशीला भराभर दुभंगायचे असते, त्यासाठी पडद्यात स्टेरॉल हवे, आणि ते घडवण्यासाठी वर्टमधला विरघळलेला प्राणवायू आणि साठवलेले ग्लायकोजेन दोन्ही लागतात. कोठार रिकामे असलेली पेशी जिवंत असली तरी कामाला उशिरा लागते, आणि अर्ध्या वाटेत थकते.

तापमान वाढले की हा खर्च झपाट्याने वाढतो, कारण बहुतेक जैविक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. चार अंशांवर महिनाभर टिकणारी शिदोरी पस्तीस अंशांच्या मालवाहू गाडीत काही दिवसांतच संपू शकते.

मी टेक्सासमध्ये राहतो, आणि हे मला एका जुलै महिन्यात नीट समजले. मागवलेले पाकीट दाराशी आले तेव्हा सोबतची बर्फाची पिशवी कोमट झाली होती आणि यीस्टचे पाकीट पुरीसारखे टम्म फुगले होते. फुगलेले पाकीट मेलेलेच असते असे नाही, कारण आतल्या उरल्यासुरल्या साखरेवर पेशी वायू सोडतातच. म्हणून मी त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात मिथिलीन ब्लू मिसळले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. या परीक्षेचे तत्त्व सोपे आहे. जिवंत पेशी आत शिरलेल्या रंगाचे क्षपण करून तो रंगहीन करते, मेलेल्या पेशीला ते जमत नाही आणि ती निळी राहते. माझ्या काचपट्टीवर निम्म्याहून अधिक पेशी गर्द निळ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक, गोल, टवटवीत पेशी इकडेतिकडे विखुरलेल्या दिसत होत्या. पाकिटावरची मुदत संपायला अजून दीड महिना बाकी होता.

आकड्यांत मांडले तर चित्र स्पष्ट होते. एल प्रकारच्या, म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबणाऱ्या बिअरसाठी दर मिलिलिटर वर्टला, साखरेच्या प्रत्येक प्लेटो अंशामागे (एक प्लेटो म्हणजे वजनाने साधारण एक टक्का साखर), साधारण साडेसात लाख पेशी लागतात असा प्रचलित दंडक आहे. थंडीत आंबणाऱ्या लागरला त्याच्या दुप्पट लागतात. बारा प्लेटोच्या १९ लिटर वर्टसाठी हा हिशोब सुमारे १७० अब्ज पेशींवर जातो, तर नेहमीच्या पाकिटात ताजे असताना जवळपास १०० अब्ज पेशी असतात. घरगुती उत्पादकांची अनेक गणिते महिन्याला २० टक्के पेशी मरतात असे धरून चालतात. वाणानुसार आणि साठवणीनुसार हा वेग कमीजास्त होतो, तरी या हिशोबाने तीन महिन्यांनी निम्म्याच पेशी उरतात. पेशी कमी पडल्या तर त्यांना अधिक वेळा दुभंगावे लागते, आंबणे सुरू व्हायला उशीर होतो, तोवर जिवाणूंना संधी मिळते, लोण्यासारखा वास देणारे डायअॅसिटिल मागे राहते आणि कधी कधी साखर पुरती न आंबताच काम थांबते.

म्हणून खरेदी करताना कंपनीच्या नावाआधी तारीख वाचावी. काही पाकिटांवर उत्पादनाची तारीख असते, काहींवर केवळ मुदत. मुदतच असेल तर त्या उत्पादनाचे आयुष्य किती धरले आहे हे दुकानदाराला विचारून मागे मोजत जावे. जवळच्या दुकानातून स्वतः पाकीट आणणे मला सर्वांत चांगले वाटते, पण दुकानाचा फ्रीज खरोखर थंड आहे का आणि माल किती दिवसांनी येतो, हे विचारायला संकोच करू नये. टपालाने मागवायचे असेल तर वर्षाचा साठा थंडीत किंवा वसंताच्या सुरुवातीला मागवण्याचा मोह टाळावा, कारण तो घरच्या फ्रीजमध्येच म्हातारा होतो. बिअर करण्याच्या दोन आठवडे आधी, सोमवारी पाठवले जाईल अशा बेताने मागणी द्यावी, म्हणजे पार्सल शनिवार-रविवारी गोदामात अडकत नाही. भर उन्हाळ्यात दूरवरून मागवण्यापेक्षा सुके यीस्ट वापरावे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

आणखी एक उगम अनेकांना सुचतच नाही, तो म्हणजे गावातली छोटी ब्रुअरी. आंबणे संपल्यावर शंकूच्या आकाराच्या टाकीच्या तळाशी यीस्टचा दाट गाळ साचतो, आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये एक अब्जाच्या आसपास पेशी असतात. ब्रुअरला सौजन्याने विचारले आणि निर्जंतुक बरणी नेली तर तो बहुधा आनंदाने देतो. फिक्या, कमी अल्कोहोलच्या आणि कमी कडू बिअरचा गाळ मागावा, कारण कडक बिअरमध्ये पेशी थकलेल्या असतात. बरणीचे झाकण घट्ट लावू नये. आत वायू तयार होत राहतो आणि काच फुटून इजा होऊ शकते. घरी आणताना बरणीभोवती बर्फ ठेवावा आणि गाळ आठवड्याभरात वापरावा. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणताना जो विश्वास लागतो तोच इथे लागतो: तिच्या घरची स्वच्छता आणि ते विरजण किती शिळे आहे, हे दोन्ही आपल्याला माहीत असावे लागते. नॉर्वेत व्हॉसच्या परिसरातल्या शेतकरी घरांनी क्वाइक नावाचे यीस्ट पिढ्यानपिढ्या असेच देवाणघेवाणीतून जपले. ते लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ठेवत, आणि एखाद्याचे बिघडले तर शेजाऱ्याकडून आणत. हे वाण ३५ ते ४० अंशांवरही स्वच्छ चवीची बिअर देतात.

पाकीट जुने निघाले तर ते लगेच फेकू नये, त्याचा स्टार्टर करावा, म्हणजे यीस्ट आधी थोड्याशा वर्टमध्ये वाढवून घ्यावे. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क घालून पंधरा मिनिटे उकळावे, भांडे झाकून वीस-बावीस अंशांपर्यंत निववावे, मग त्यात यीस्ट ओतून तोंडावर सैलसर अॅल्युमिनियमची पन्नी लावावी. चुंबकीय ढवळणी असेल तर उत्तम, नसेल तर येता-जाता भांडे हलवावे. प्राणवायू मिळाला की जिवंत उरलेल्या पेशी स्टेरॉल घडवतात, दुभंगतात आणि कोठारे पुन्हा भरतात. साधारण एका दिवसाने द्रव दुधी दिसू लागतो; मग भांडे फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे पेशी तळाशी मलईसारख्या बसतात. वरचे पातळ द्रव ओतून देण्याआधी वास घ्यावा. ताज्या पावाचा किंवा सफरचंदाचा वास आला तर ठीक. उकडलेल्या मांसाचा किंवा रबराचा आला तर पेशी फुटून त्यांचा गाभा बाहेर आला आहे, आणि असे यीस्ट वर्टमध्ये घालू नये. त्या जुलैच्या पाकिटाचा मी दोन टप्प्यांत स्टार्टर केला, पहिला अर्ध्या लिटरचा आणि दुसरा दोन लिटरचा. तिसऱ्या दिवशी काचपट्टीवर निळी पेशी शोधावी लागली.