सोबतीला येणारा आणि शुश्रूषेला येणारी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी स्वयंसेवक गट सुरू झाला, तेव्हा पहिल्याच बैठकीत एका काकूंनी विचारलं, "म्हणजे आता ब्युरोची मावशी बंद केली तर चालेल ना?" ब्युरो म्हणजे घरी शुश्रूषेला पगारी माणूस पुरवणारी संस्था. काकूंचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळलेले, चांगली मावशी मिळता मिळत नाही, आलेली टिकत नाही. असं वाटणं साहजिक होतं. पण नाही, चालणार नाही.

स्वयंसेवक आणि मावशी, दोघंही आजोबांच्या उशाशी खुर्ची ओढून बसतात, म्हणून सारखेच वाटतात. फरक कळतो तो पांघरूण बाजूला केल्यावर. झोपून असलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. नळीतून जेवण देताना डोकं उंच हवं, लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली हवी. पलंगावरून खुर्चीत बसवताना दंडाला धरून ओढलं, तर खांदा दुखावतो. हे सगळं शिकावं लागतं. त्यासाठीच जनरल ड्युटी असिस्टंटचं, म्हणजे रुग्णाची रोजची शुश्रूषा करणाऱ्या मदतनिसाचं, प्रशिक्षण असतं. (ही मावशी म्हणजे नर्स नव्हे, इंजेक्शन तिच्याकडून घेऊ नये.) कॉलेजच्या मुलाला प्रेमापोटी यातलं काही करायला लावणं आजोबांवरही अन्याय आहे आणि त्या मुलावरही.

मग स्वयंसेवक कशाला? पेपर वाचून दाखवायला, डॉक्टरकडे सोबत जायला, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत न्यायला. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम म्हणजे नुसतं बसणं. बारा तासांच्या पाळीतले कितीतरी तास मावशी फक्त "कोणीतरी हवं" म्हणून अडकलेली असते. तेवढे तास दुसऱ्यानं उचलले, की तिचे शिकलेले हात मोकळे होतात. माणसांची टंचाई स्वयंसेवेनं कमी होते ती एवढीच, आणि एवढीही पुष्कळ आहे. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटीहून जास्त होती.

दुसरा फरक बांधिलकीचा. मावशी आली नाही, तर ब्युरोला फोन करून बदली मागता येते. स्वयंसेवकाची परीक्षा आली, तर कोणाला विचारणार? राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास द्यायचे असतात, म्हणजे आठवड्याला दोन तासांहून थोडे जास्त. ते दोन तास दर वेळी नव्या घरी वाटू नयेत. विसरण्याचा आजार असलेल्या आजींना रोजचा नवा चेहरा घाबरवतो. एकच मुलगी, एकच घर, ठरलेला वार, असंच हवं.

स्वयंसेवकानं मावशीवर देखरेख करायची नसते, पण डोळे उघडे ठेवावेत. अंगावर वळ दिसले, आजी गप्प गप्प झाल्या, तर घरच्यांना सांगावं. घरच्यांकडूनच त्रास असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनला कळवावं.

त्या काकूंकडे मावशी अजून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा एक मुलगी येऊन काकांजवळ बसते. तेवढ्यात मावशी पाठ टेकते, आणि काकू भाजी घेऊन, मैत्रिणीकडे डोकावून येतात.