ब्राउझरमधील सुरक्षा इशारे

संकेतस्थळ उघडताना ब्राउझर मध्येच थांबतो आणि पानाऐवजी एक सूचना समोर ठेवतो, तिला सुरक्षा इशारा म्हणतात. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हे त्यातले सर्वांत ओळखीचे वाक्य. ते वाचून काहीजण घाबरून पान बंद करतात, काहीजण वैतागून पुढे जाण्याचे बटण शोधतात. कामाची माहिती मात्र त्याच पानावर खाली, बारीक अक्षरांत लिहिलेल्या एरर कोडमध्ये असते. नेमके कुठे बिनसले ते तो कोड सांगतो.

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल तर ब्राउझर आणि सर्व्हर (संकेतस्थळ जिथून येते तो संगणक) यांच्यातली देवाणघेवाण एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे इतरांना वाचता न येणाऱ्या रूपात जाते. पण पलीकडे भामटा बसला असेल तर गुपचूप बोलूनही उपयोग नाही, म्हणून आधी ओळख पटवावी लागते. त्यासाठी सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो. ब्राउझर त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहतो: प्रमाणपत्र याच पत्त्याच्या नावाचे आहे का, त्याची मुदत चालू आहे का आणि त्यावर विश्वासातल्या संस्थेची डिजिटल सही आहे का. अशा संस्थांना सर्टिफिकेट ऑथॉरिटी म्हणतात. त्यांच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून भरलेली असते. तिन्हींपैकी एक जरी जुळले नाही तरी इशारा येतो.

कोडमध्ये ‘डेट इनव्हॅलिड’ असे शब्द असतील तर घोळ तारखेचा आहे. एकच संकेतस्थळ अडत असेल तर बहुधा त्याच्या चालकाने प्रमाणपत्राचे नूतनीकरण केलेले नसते. सगळीच अडत असतील तर आधी स्वतःचे घड्याळ पाहावे. बरेच दिवस बंद असलेला डेस्कटॉप सुरू केला की हे कधीकधी दिसते. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, बहुधा सीआर२०३२ या जातीचा. तो संपला की संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते, आणि आजची सगळी प्रमाणपत्रे त्याला ‘अजून सुरूच न झालेली’ वाटू लागतात. तारीख, वेळ आणि टाइम झोन नीट केले की सगळी पाने उघडतात. सेल मात्र बदलावाच लागतो, नाहीतर पुन्हा तेच.

मुदतीचा प्रश्न पुढे अधिक जाणवणार आहे. १ सप्टेंबर २०२० पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. पुढचे टप्पेही ठरले आहेत: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून ९० दिवसांची प्रमाणपत्रे विनामूल्य देत आली आहे, आणि त्यांचे नूतनीकरण आपोआप होण्याची सोय आहे. हाताने नूतनीकरण करण्याची सवय चालकांनी आताच सोडलेली बरी.

‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचे आहे. कधी पत्ता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि प्रमाणपत्र त्याविना, एवढीच चूक असते. सार्वजनिक वायफायवर कारण वेगळे असते: लॉगिनचे पान दाखवण्यासाठी नेटवर्क आपली विनंती मध्येच अडवते आणि ब्राउझरला परके प्रमाणपत्र दिसते. अशा वेळी इशारा ओलांडू नये. वायफायच्या सूचनेतून लॉगिनचे पान उघडावे, मग नेहमीचे संकेतस्थळ पुन्हा लोड करावे.

‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ सर्वांत गुंतागुंतीचा. घरच्या राउटरच्या सेटिंगचे पान स्वतःच स्वतःच्या प्रमाणपत्रावर सही करते, तिथे हा इशारा अपेक्षितच आहे. कार्यालयातला प्रॉक्सी (सगळी रहदारी ज्यातून जाते तो मधला सर्व्हर) किंवा अँटीव्हायरस एन्क्रिप्ट झालेली रहदारी तपासण्यासाठी मध्ये स्वतःचे प्रमाणपत्र घालतो, त्यानेही तो येतो. काही सर्व्हर आपले प्रमाणपत्र आणि यादीतले मूळ प्रमाणपत्र यांना जोडणारे मधल्या दुव्याचे प्रमाणपत्र पाठवतच नाहीत, मग तेच पान एका ब्राउझरमध्ये उघडते आणि दुसऱ्यात नाही. जुन्या उपकरणांत तर यादीच शिळी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अपडेट न मिळालेल्या कितीतरी यंत्रांवर चांगली संकेतस्थळे अडू लागली. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, म्हणून जुन्या यंत्रावर तो कामी येतो.

हा इशारा खोटा समजून पुढे जाणाऱ्यांनी २०११ ची घटना लक्षात ठेवावी. डिजिनोटार या डच सर्टिफिकेट ऑथॉरिटीच्या यंत्रणेत घुसून हल्लेखोरांनी ५०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे काढली. त्यातले गुगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांचे जीमेल वाचण्यासाठी वापरले गेले. बहुतेक ब्राउझरांना ते खरेच वाटले, कारण सही विश्वासातल्या संस्थेची होती. गुगलची प्रमाणपत्रे कोणाकडून येतात हे क्रोमला आधीच ठाऊक होते, म्हणून त्याने इशारा दिला. तिथल्या एका वापरकर्त्याने तो दुर्लक्षित न करता कळवला आणि प्रकरण बाहेर आले. त्याच वर्षी डिजिनोटारचे दिवाळे निघाले.

काही इशाऱ्यांवर पुढे जाण्याचे बटणच नसते. ते संकेतस्थळ ‘एचएसटीएस’ वापरते, म्हणजे ‘माझ्याशी फक्त सुरक्षितपणेच बोला’ असे त्याने ब्राउझरला आधी बजावून ठेवलेले असते. तिथे आडवाट शोधू नये.

पूर्ण लाल पानाचा इशारा वेगळ्या कुळातला. तिथे प्रमाणपत्र ठीक असू शकते, पण पत्ता फसवणुकीच्या किंवा मालवेअरच्या यादीत आलेला असतो. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यासाठी गुगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ या धोकादायक पत्त्यांच्या यादीचा आधार घेतात. उलट, पत्त्याशेजारी नुसते कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे नाही. फसवी संकेतस्थळेही प्रमाणपत्र मिळवतात. हा गैरसमज इतका पसरला की २०२३ मध्ये क्रोमने कुलपाचे चिन्हच काढून टाकले.

दोष आपल्याकडे की संकेतस्थळाकडे, हे ठरवायची सोपी चाचणी म्हणजे तोच पत्ता मोबाइल डेटावर, दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहणे. तिथे उघडला तर घड्याळ, अँटीव्हायरस, अपडेट आणि नेटवर्क क्रमाने तपासावे. तिथेही अडला तर पासवर्ड किंवा पैशांचा व्यवहार असलेल्या पानावर पुढे जाऊ नये. चालकाला फोनने किंवा आधीपासून माहीत असलेल्या ईमेलवर कळवावे, सोबत एरर कोड आणि इशाऱ्याचा स्क्रीनशॉट द्यावा. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावर त्याला शोधाशोध करावी लागते. कोड हाती असला की नेमके काय दुरुस्त करायचे ते लगेच कळते.