'डंकीज यिअर्स' ते 'हॉट मिनिट' : इंग्रजीतल्या सैल काळमापांची पार्श्वभूमी

किती वेळ गेला हे सांगताना बोलीतलं इंग्रजी घड्याळाकडे क्वचितच बघतं. खूप वर्षं लोटली तर 'डंकीज यिअर्स', फार दिवसांत गाठभेट नसेल तर 'मंथ ऑफ संडेज', काम चुटकीसरशी झालं तर 'जिफी'. बोलणं ढोबळ असायचंच. गंमत अशी की यातले काही शब्द पुढे काटेकोर एकक झाले, आणि एके काळचं मोजूनमापून ठरवलेलं एकक सैल होऊन बोलीत मिसळलं.

सैल झालेल्या एककाचं ठळक उदाहरण 'मोमेंट'. इंग्लंडमधल्या बीड या भिक्षूने इ.स. ७२५ मध्ये कालगणनेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात तासाचे ४० भाग येतात. एकेक भाग म्हणजे एक मोमेंट, सरासरी ९० सेकंदांचा. 'सरासरी' म्हणायचं कारण, त्या काळी दिवसाच्या उजेडाचे १२ भाग पाडत. त्यामुळे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड असे. यांत्रिक घड्याळं आली, तास सारखे झाले, मिनिट-सेकंद रुळले. मोमेंटचं मोजमाप गेलं, शब्द तेवढा राहिला.

'जिफी' नेमका उलट्या दिशेने गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो छापील इंग्रजीत दिसू लागतो, अर्थ एवढाच : अगदी थोडा वेळ. विसाव्या शतकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी प्रकाशाला निर्वातात एक सेंटिमीटर जायला लागणाऱ्या वेळेला हे नाव सुचवलं. तो वेळ सुमारे ३३ पिकोसेकंद भरतो; पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातही 'जिफी' आहे, पण तिथे तो टायमरच्या एका ठोक्याएवढा : मांडणीनुसार कधी सेकंदाचा शंभरावा भाग, कधी हजारावा. म्हणजे काटेकोर होऊनही सगळीकडे सारखा नाहीच. कोकराने दोनदा शेपूट हलवण्याएवढा वेळ, या अर्थाच्या वाक्प्रचारातला 'शेक' तर दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत पोचला. १० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दहापट, म्हणजे एक शेक. साखळी प्रक्रियेचे टप्पे मोजायला ते माप सोयीचं होतं.

सगळ्यात रंजक गोष्ट 'वन्स इन अ ब्लू मून'ची. निळा चंद्र ही मुळात अशक्य गोष्ट मानली जाई. १५२८ च्या एका इंग्रजी पद्यात ती याच अर्थाने येते. पुढे अर्थ 'कधीतरी क्वचित' असा मवाळ झाला. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या राखेमुळे चंद्र खरोखरच निळसर दिसला, पण वाक्प्रचार त्याच्या आधीचा. दरम्यान अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतकरी पंचांगाने वेगळीच व्याख्या वापरली : एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी 'ब्लू मून'. १९४६ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात जेम्स ह्यू प्रुएट यांनी ती चुकीची वाचली आणि महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, असं लिहिलं. १९८० मध्ये एका रेडिओ कार्यक्रमाने ते उचललं, मग 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळातही ते गेलं. मासिकाने १९९९ मध्ये चूक सविस्तर उलगडून दाखवली, तोवर नवी व्याख्या पक्की झाली होती. तिच्या हिशेबाने 'क्वचित' म्हणजे साधारण पावणेतीन वर्षांतून एकदा.

'डंकीज यिअर्स'ला असं गणित कधी चिकटलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'डंकीज इअर्स', म्हणजे गाढवाचे कान, असंही रूप सापडतं. कान लांब, वर्षंही लांब, आणि 'इअर्स-यिअर्स' हा उच्चारातला खेळ. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळलेला, 'खूप मोठा काळ' या अर्थाचा 'यॉन्क्स' याच शब्दांची अक्षरं उलटसुलट करून झाला, असं काहीजण सांगतात. कल्पना झकास, पुरावा तोकडा. 'मंथ ऑफ संडेज'चं मात्र गणित करता येतं : तीस-एकतीस रविवार यायला सात महिने लागतात. शिवाय कर्मठ ख्रिस्ती घरांत रविवारी खेळ-करमणूक निषिद्ध असे, त्यामुळे ते सात महिने आणखीच लांबले असणार.

हल्ली पाळी 'मिनिट'ची आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून 'इट्स बीन अ मिनिट' सर्वत्र पसरलं; अर्थ, बराच काळ झाला. त्यालाच 'हॉट' जोडलं की ऐकणाऱ्याची पंचाईत होते, कारण 'हॉट मिनिट' कुणी अगदी थोड्या वेळासाठी वापरतं, तर कुणी कित्येक महिन्यांसाठी. 'गिव्ह मी अ मिनिट'मधला मिनिट अजून तरी छोटाच आहे.