जीवरक्षक नौका संस्थेचे शौर्यपदक

फुटलेल्या किंवा बुडत्या जहाजावरील माणसांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्यांना ब्रिटनमधील ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ ही संस्था देत असलेले पदक. सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ही संस्था ४ मार्च १८२४ रोजी लंडन येथे स्थापन झाली आणि त्याच वर्षापासून पदके दिली जाऊ लागली. संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते, तिच्या नौकांवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. त्यामुळे हुकूम म्हणून नव्हे, तर आपखुशीने पत्करलेल्या धोक्याचा हा गौरव ठरतो. प्रारंभी सुवर्ण व रौप्य अशी दोनच पदके होती. कांस्यपदकाची भर १९१७ मध्ये पडली. विल्यम वायन यांनी घडवलेल्या पदकाच्या मागील बाजूस होडीतले तिघे खलाशी चौथ्याला पाण्यातून वर ओढून घेताना दिसतात, आणि भोवती ‘खोल पाणी मला गिळून न टाको’ या अर्थाचे बायबलच्या ६९व्या स्तोत्रातील शब्द कोरलेले आहेत.

या पदकाच्या मानकऱ्यांत सर्वाधिक गाजलेले नाव ग्रेस डार्लिंग हिचे. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे ‘फॉरफरशर’ ही आगबोट इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील फार्न बेटांच्या खडकावर आदळून दुभंगली, तेव्हा लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची ही २२ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर होडी वल्हवत तेथे पोहोचली. वडील खडकावर उतरल्यावर उसळत्या लाटांत दोन्ही वल्ही एकटीने सांभाळून होडी कातळावर आपटू न देण्याचे काम तिने केले, आणि खरी कसोटी तीच होती, कारण होडी फुटली असती तर खडकावरचे कोणीच परतले नसते. दोन खेपांत नऊ जण वाचले. बापलेकीला रौप्यपदके मिळाली. पुढे वृत्तपत्रांनी व चित्रकारांनी तिच्यावर इतके लिहिले-रंगवले, की वडिलांचे पदक जवळजवळ विस्मृतीत गेले.

हिलरी केवळ संस्थापक नव्हते. नोव्हेंबर १८३० मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरील डग्लसजवळ ‘सेंट जॉर्ज’ ही टपालबोट खडकावर चढली असता, वयाची साठी जवळ आलेले हिलरी स्वतः नौकेतून गेले. लाटेने ते समुद्रात फेकले गेले, बरगड्या मोडल्या, तरी बोटीवरील सर्वजण सुखरूप परतले. क्रोमर गावचा तांडेल हेन्री ब्लॉग याने तीन सुवर्ण व चार रौप्यपदके मिळवली. तो १९४७ मध्ये निवृत्त झाला, तोवर त्याच्या नौकेने ८७३ जणांना वाचवले होते. स्वतः ब्लॉगला मात्र पोहता येत नव्हते.