सिंगापूरची सौजन्य मोहीम आणि पर्यटन

नागरिकांनी पाहुण्यांशी आणि आपसांत अदबीने वागावे यासाठी सिंगापूर सरकारने १ जुलै १९७९ रोजी सुरू केलेली देशव्यापी मोहीम. तिचे मूळ पर्यटनात आहे. आदल्या वर्षी तेथील पर्यटन मंडळाने परदेशी पाहुण्यांपुरता असा उपक्रम लहान प्रमाणावर राबवला होता. केवळ पर्यटकांना खूश करण्यासाठी नम्रपणा दाखवणे पंतप्रधान ली क्वान यू यांना पुरेसे वाटले नाही. आपले रोजचे जगणेही सुखाचे व्हावे, अशी भूमिका घेऊन त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. हा निर्णय योग्यच होता. बसमध्ये एकमेकांवर खेकसणाऱ्या शहरात पाहुण्यापुरते गोड बोलणे फार दिवस टिकत नाही.

या बेटावर ना हिमशिखरे आहेत ना प्राचीन राजधान्यांचे अवशेष. १९६४ मध्ये पर्यटन मंडळ स्थापन झाले त्या सुमारास वर्षाला जेमतेम ९१ हजार पर्यटक येत. दाखवण्यासारखे थोडे असल्याने पाहुण्याची सोय हेच भांडवल ठरले. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या चारही भाषांतून मोहिमेची भित्तिपत्रके लागली, शाळांतून पाठ झाले. १९८२ पासून ‘सिंगा’ नावाचा हसरा सिंह तिचे बोधचिन्ह झाला.

मात्र सिंगापूरच्या नावलौकिकाचे श्रेय भित्तिपत्रकांपेक्षा खात्याखात्यांतील मेळाला अधिक जाते. १९८१ मध्ये सुरू झालेला चांगी विमानतळ हे त्याचे ठळक उदाहरण. विमान उतरल्यावर पहिली बॅग १२ मिनिटांत आणि शेवटची २९ मिनिटांत पट्ट्यावर यावी, असे उद्दिष्ट तेथे ठरलेले असते. ते गाठायचे तर विमान कंपनी, हमाल आणि विमानतळ व्यवस्थापन यांपैकी एकालाही ढिलाई परवडत नाही. बॅग उशिरा आली तर चूक कोणाची, याच्याशी प्रवाशाला काही देणेघेणे नसते. सिंगापूर नदीची सफाईही अशीच झाली. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे चाललेल्या या कामात काठावरची डुकरपालन केंद्रे बंद झाली, मालवाहू होड्या दुसरीकडे गेल्या, फेरीवाल्यांना नळ-गटारांची सोय असलेल्या पक्क्या खाद्यकेंद्रांत गाळे मिळाले आणि हजारो झोपडीवासीयांना सरकारी घरे दिली गेली. पर्यटन मंडळाला हे एकट्याने कधीच जमले नसते.

या वाटचालीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग अपयशाचा आहे. १९८३ मध्ये पर्यटकांची संख्या अनेक वर्षांच्या वाढीनंतर प्रथमच, सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटली. कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या कृतिगटाने १९८४ च्या अहवालात स्पष्ट म्हटले की, आधुनिकीकरणाच्या भरात शहराने आपला पौर्वात्य रंगच पुसून टाकला आहे. जुन्या दुकानघरांच्या रांगा पाडून टॉवर उभे राहिले होते. रात्री उशिरापर्यंत जागणारा बुगिस स्ट्रीटही पुढे भुयारी रेल्वेच्या कामासाठी हटवला गेला. नंतर त्याची नवी आवृत्ती बांधली, पण जुनी गंमत तिला आली नाही. सेवा कितीही तत्पर असली तरी पाहुणा मुळात काय पाहायला येतो, हा प्रश्न उरतोच.

सरकारने चूक मान्य करून दिशा बदलली. १९८९ मध्ये चायनाटाऊन, लिटल इंडिया आणि कम्पोंग ग्लाम या जुन्या वस्त्यांना संरक्षित क्षेत्रांचा दर्जा मिळाला. मराठी कुटुंबांच्या सिंगापूर सहलीत लिटल इंडियातल्या सेरंगून रोडवरची जी फेरी हमखास असते, तिच्यात दिसणारी रंगीत दुकानघरे या निर्णयामुळे वाचली. खाद्यकेंद्रांचेही तसेच झाले: स्वच्छतेसाठी केलेली सोय पुढे शहराची ओळख बनली आणि २०२० मध्ये त्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

सौजन्य मोहीम २००१ मध्ये ‘सिंगापूर काइंडनेस मूव्हमेंट’ या संस्थेत विलीन झाली. सेवाक्षेत्रासाठी २००५ मध्ये स्वतंत्र मोहीम निघाली. कर्मचारी, मालक आणि ग्राहक या तिघांनाही तिच्यात सामावून घेतले होते. २०१९ मध्ये सिंगापूरला सुमारे १ कोटी ९१ लाख परदेशी पाहुण्यांनी भेट दिली.